नकली फौजदार

बिलोली
७ एप्रिल २०२५

शेष्या लेका,
सप्रेम जयभीम.

फोन कावून करत न्हाई म्हनून मला शिव्या देऊ नको. जलमभर बिलोलीच्या पोस्टात दुसऱ्यायची पत्रं वाटली, आता रिटायर झाल्यावर तरी स्वतःची टाकू दे. आन् बातमी अशी हाय की ती कागदावरच पाहिजे. बसून वाच.

आपली बुद्धप्रिया फौजदार झाली! धाकटी लेक माझी. यादीत नाव आलं, आता ट्रेनिंगला जानार. तिच्या मायला दोन दिवस रडूच आवरंना. मी म्हनलो, आगं रडून काय राहिली, पोरगी चोर धरायला चालली, सासरी न्हाई.

आता दुसरी बातमी. आपला सिनेमा सापडला! हाव, तोच. ‘दरोडा काळ्या भुयाराचा’. आनंदराज मोबाईलवर दुसरंच काही हुडकीत होता, तर हे नाव आलं. कुन्या भल्या मानसानं जुन्या कॅसेटवरून यूट्यूबला टाकलाय. पोरगा धावत आला, म्हनला, बाबा, सुरुवातीला नावं येतात त्यात ‘लिंबाजी (बिलोली)’ असं दिसतंय. मी चष्मा हुडकाया लागलो.

पन मी बघितला न्हाई. घरात कुनालाच बघू देत न्हाई. चाळीस वर्षं थांबलो, आता तळहाताएवढ्या काचेवर बघू काय? बुद्धपौर्णिमेला विहारासमोर बुद्धप्रियाचा सत्कार हाय. तिथं मोठा पडदा लावून सगळ्या वस्तीसमोर दाखवायचा ठरलाय. बाप पडद्यावरचा फौजदार, लेक खरी फौजदार. पोरायनं बॅनरबी तसाच छापाया टाकलाय.

तुला आठवतंय का रे? लातूरची आपली खोली, औशाच्या किल्ल्यात पडलेली ती सिनेमावाल्यायची मंडळी, आन् गॅदरिंगच्या नाटकात बघून त्यायनं आपल्या दोघायला उचललेलं. मी फौजदार, तू माझा हवालदार. भुयाराच्या तोंडाशी मी पिस्तूल रोखून म्हनायचं, ‘हात वर करा, हा वर्दीवाला इकला जात न्हाई!’ आन् तू बाजूला येऊन म्हनायचं, ‘सायेब, मी तुमच्या संगं हाय.’ तेवढं एक वाक्य बोलायला तुला सकाळची दुपार झाली होती. दरवेळी बोलायच्या आधी खाकरायचास. डायरेक्टर बेजार झाला होता पार.

तुझा मान पहिल्या रांगेत. ये. न आलास तर अटक करून आनायला आता घरचाच फौजदार हाय.

तुझा
लिंबाजी


औसा
१२ एप्रिल २०२५

प्रिय लिंबाजी,
जयभीम.

बुद्धप्रियाची बातमी वाचून लई आनंद झाला. तिला आशीर्वाद सांग. आमच्याकडं सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझ्या चतुरावहिनीनं साखर वाटली.

सिनेमाचं मात्र मला पटलं न्हाई. गड्या, तू तो पाहिला न्हाईस, मी त्या काळी लातूरच्या तंबूत पाहिलाय. अगदी टुकार. हिरोचं पोट त्याच्या आधी भुयारात शिरतं. भुयार म्हणजे काळ्या रंगाची गोणपाटं, वारा आला की भिंत हलते. सोन्याचा नाग कागदाचा, त्याचा फणा एका शॉटमध्ये डावीकडं, दुसऱ्यात उजवीकडं. पाठलागात दोन मोटारसायकली दाखवल्यात, पण गाडी एकच. पुढं हिरो बसतो, मग तीच वळवून व्हिलन बसतो. लोकांनी खुर्च्यांवर पाय आपटले होते. आजकालची पोरं तर हसून हसून लोळतील.

सत्काराच्या दिवशी असलं काही कशाला? तुमच्या विहारासमोर भाषणं होतील, जेवण होईल, पोरीचं कौतुक होईल. तेवढं बस्स हाय. तिचा दिवस तिचाच राहू दे. तुझी फजिती व्हायला नको म्हणून सांगून राहिलो, राग धरू नको.

आणि माझं यायचं अवघड दिसतंय. गुडघा धरलाय, एसटीत चढवत न्हाई. बॅनरचं छापणं अजून थांबवता आलं तर बघ.

तुझा
शेषेराव


बिलोली
१७ एप्रिल २०२५

शेष्या,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पैल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा न्हाई हसलो.

सिनेमा टुकार असंल. मला काय तो बक्षिसाला पाठवायचाय? पन तूच तवा मला लिहिलं होतं, ‘लिंबाजी, तुझ्या सीनला तंबूत टाळ्या पडल्या, लोक फौजदार फौजदार म्हनून वरडले.’ तवा मी बिलोलीत नोकरीला नवीन, सुट्टी भेटंना, आन् सुट्टी भेटस्तोवर तंबू उठला. तुझ्या त्या दोन ओळीवर मी चाळीस वर्षं काढली. पोलीस भरतीत छाती कमी भरली. पुढं खाकी भेटली ती टपालाची. पन वस्तीत आजबी म्हातारे मला ‘फौजदार’ म्हनूनच हाका मारतात. आन् आता तू म्हनतोस लोकायनं पाय आपटले. दोन्हीतलं खरं काय?

मला वाटतं ते सांगू? तुझं पोट दुखून राहिलंय. मी फौजदार, तू हवालदार, हे तुला तवाबी टोचत होतं. पाटलाचं पोरगं आन् लिंबाजीला सलाम ठोकायचा. तू हसून ठोकलास, पन तुझे थोरले भाऊ हणमंतराव किल्ल्यात शूटिंग बघाया आले होते, त्यायचं तोंड मी बघितलं होतं.

त्याच दिवशी माझी माय आलती. पारूबाई. बिलोलीहून एसटी बदलत बदलत, भाकरी बांधून. मी वर्दीत किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर यायलो. मायनं वर्दी बघितली आन् पदर ओढून रस्त्याच्या खाली उतरून उभी राहिली. तिला वाटलं खरा सायेब आला. मी म्हनलो, ‘आये, मी हाय.’ तिनं वर बघितलं. मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरून हात फिरवला आन् तिथंच खाली बसली. तू शेजारीच होतास. तुझ्याबी डोळ्यात पानी आलतं, नाटक करू नको.

ती माय शेवटपर्यंत सांगत गेली, माझ्या लिंबाला मी फौजदार बघितला. आता तिची नात खरी फौजदार झाली, आन् त्या दिवशी मी तो पडदा लावायचा न्हाई? लावनार. बॅनर छापून आला. गुडघ्याला तेल लाव आन् ये.

लिंबाजी


औसा
२२ एप्रिल २०२५

लिंबाजी,

भांडू नको. पोट दुखत असतं तर एवढी वर्षं पत्रं लिहिली नसती.

एकच ऐक. लोकांना दाखवायच्या आधी तू स्वतः बघ. एकटा बघ, शक्यतो पोरीला सोबत घेऊ नको. त्या वेळी किल्ल्यात आवाज धरायचं यंत्र नव्हतं, हे तुला माहीत हाय. आवाज सगळे मागाहून मुंबईत भरले. भरताना गोष्टीत थोडी फिरवाफिरवी झाली. आता लिहीत बसत न्हाई.

बघ आणि मग ठरव. तुझ्या पाया पडतो, आधी बघ.

शेषेराव


बिलोली
२८ एप्रिल २०२५

शेषेराव पाटील यांस,

बघितला.

एकट्यानं न्हाई बघितला. बुद्धप्रियाला शेजारी बसवून बघितला. तिच्यापासून लपवायचं असं मी जलमात काही केलं न्हाई.

गोणपाटाचं भुयार आलं, कागदाचा नाग आला, दोघं हसलो. मग मी आलो. काय सांगू, किती कवळा दिसत होतो! बुद्धप्रियानं माझा हात धरला. मी भुयाराच्या तोंडाशी उभा राहिलो, पिस्तूल वर केलं आन् माझं तोंड उघडायच्या आधी आवाज आला. खाकरन्याचा. माझे ओठ मिटलेले आन् खाकरन्याचा आवाज! तीन वर्षं एका खोलीत राहिलो आपन. त्या खाकरन्यानं मी रोज सकाळी जागा झालेलो हाय. मला दुसरं काही ऐकायची गरजच न्हवती.

मग माझ्या तोंडातून तू बोललास, ‘सोनं माझ्या जीपमधी भरा, ही वर्दी भाड्यानं आनली हाय.’

आन् बाजूला तू. हवालदार. तुझ्या तोंडात तुझाच आवाज, ‘धरा याला, हा फौजदार नकली हाय!’ मग हिरोनं मला लाथ घातली. ती लाथ मी कवा खाल्ली? मला पाठमोरा दुसराच कुनीतरी दिसला माझ्या वर्दीत, डोक्यावर टक्कल असलेला. त्याला बेड्या घातल्या आन् तुला पदक. सिनेमा संपला.

मी चोर झालो, शेषेराव. माझ्याच तोंडानं. आन् ते तोंड तू चालवलंस.

म्हंजे टाळ्या पडल्या हे खरं होतं तर. मला लाथ बसली तवा पडल्या असतील. आन् तू घरी जाऊन कागद घेतला, पेन घेतला आन् मला ‘फौजदार फौजदार म्हनून वरडले’ असं लिहिलंस. लोक वरडले असतील तर ‘नकली फौजदार’ म्हनून वरडले असतील. त्यातला एक शब्द तेवढा तू गाळलास.

मी किती ठिकानी सांगितलं ते तुला ठाव हाय? पत्र द्यायला गेलो त्या प्रत्येक घरी. साळंत पोरायला. मायच्या मयतीला आलेल्या लोकायला. आनंदराजच्या सोयऱ्यायला. आन् ह्या सगळ्या वर्षात तू माझ्या घरी जेवलास, पोरायच्या लग्नात आलास, मी हा किस्सा तुझ्यादेखत सांगितला आन् तू मान हलवलीस. मान हलवलीस रे!

बुद्धप्रिया उठली, पानी आनलं. मग म्हनली, बाबा, काकायनं असं कावून केलं ते विचारा त्यायलाच. म्हनून विचारतो. कावून केलंस? वाकडंतिकडं लिहू नको. फिरवाफिरवी झाली म्हनू नको. ती आपोआप होत न्हाई. कुनीतरी फिरवावी लागती.

लिंबाजी


औसा
४ मे २०२५

लिंबाजी,

तू विचारलंस म्हणून लिहितो. नीट वाच, सगळं एकतर्फी धरू नको.

शूटिंग संपत आलं तवा व्हिलनचं काम करणारा मुंबईचा नट डायरेक्टरशी भांडून निघून गेला. शेवटच्या सीनला चोरच उरला न्हाई. तू तोवर बिलोलीला गेला होतास. लाथेचे, बेड्यांचे दोन पाठमोरे शॉट सोडले तर परत शूटिंग करायची त्यांची ऐपत न्हवती. मुंबईला आवाज भरायच्या वेळी डायरेक्टर म्हणाला, आता हाय त्याच चित्रात कुणालातरी चोर करावं लागंल. एक तर फौजदार न्हाई तर हवालदार.

मी आणि हणमंतराव दादा तिथंच बसलेले. दादानं युनिटला जीप दिली होती, राहायला घर दिलं होतं, म्हणून आम्हाला बोलावलेलं. दादा म्हणाला, ‘आमचा शेषा चोर दिसला तर गावात तोंड दाखवायची सोय राहायची न्हाई. त्या लिंबाजीला करा. त्यांच्याकडं काय फरक पडतो?’ मग सगळे माझ्याकडं बघाया लागले. मी हाव म्हणलो. मी बावीस वर्षांचा, थोरल्या भावाच्या पुढं काय बोलणार? तू आमच्या घरात वाढला असतास तर तुला कळलं असतं.

आवाज द्यायला माणूस न्हवता. आपल्या भागाची बोली कुणाला येईना. डायरेक्टर म्हणाला, तू नसशील देणार तर हा फौजदारच कापून टाकतो. लिंबाजी, मी नाही म्हणलो असतो तर तू सिनेमात दिसलाच नसतास. तुझं नावबी आलं नसतं. हे लक्षात घे. मी तुला ठेवला.

आणि ते पत्र लिहिलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून. चाळीस वर्षं तू खुशीत राहिलास का न्हाई? पारूबाई खुशीत गेली का न्हाई? खरं लिहून मी काय मिळवलं असतं? शेवटी सिनेमा हाय तो, खेळ. कागदाच्या नागाला कुणी खरा नाग म्हणतं का?

अजून वेळ गेली न्हाई. आनंदराजला सांग, तेवढा भाग कापायचा. कॅसेट खराब निघाली म्हणायचं. सुरुवातीची नावं तेवढी दाखवा, तुझं नाव येतं, टाळ्या होतील, कुणाला काही कळायचं न्हाई. सत्कार मस्त होईल. चतुराबाईनं बुद्धप्रियासाठी इरकल घेऊन ठेवलीय. तू ये म्हणलास तर गुडघा बांधून घेऊन येतो.

तुझाच
शेषेराव


बिलोली
१४ मे २०२५

शेषेराव,

परवा बुद्धपौर्णिमा झाली. तुला ये म्हनून कळवलं न्हाई, ते मुद्दाम.

‘त्यांच्याकडं काय फरक पडतो.’ हे वाक्य मी बुद्धप्रियाला वाचून दाखवलं. तुझ्या भावाचा मला राग न्हाई. तो मला वळखत न्हवता. तू वळखत होतास. माझ्या मायच्या हातची भाकर तू किल्ल्याच्या पायरीवर बसून खाल्लीस, ती रस्ता सोडून उभी राहिलेली तू बघितलीस. फरक काय पडतो ते लातुरात, औशात तुझ्याएवढं कुनालाच ठाव न्हवतं. आन् तरी तू हाव म्हनलास. आवाज द्यायचं मागाहून आलं, दगा तिथंच झाला.

तू मला ठेवलास म्हनतोस. मला चोर करून ठेवन्यापेक्षा कापला असतास तर बरं झालं असतं. मी खुशीत राहिलो म्हनतोस. दुसऱ्याला खोट्यात ठेवून त्याच्या खुशीचा हिशेब तू मांडायचा न्हाईस.

आता पडद्याचं ऐक. आनंदराज म्हनला, बाबा, रद्द करू. पोरं म्हनली, नावापुरतं दाखवू, तुझ्यासारखंच. बुद्धप्रिया म्हनली, ‘बाबा, तुमी तवा काय बोलला होता ते आठवतंय का?’ मी म्हनलो, वाक्यच काय, कुठं दम घेतला तेबी आठवतंय. ती म्हनली, मग झालं की. कापायचं काही न्हाई.

विहारासमोर सगळी वस्ती बसली होती. आजूबाजूच्या गल्ल्यायतलेबी लोक आलते. पोरीचा सत्कार झाल्यावर मी माईक घेतला. म्हनलो, मी तुमाला चाळीस वर्षं एक गोष्ट सांगत आलो. ती मला सांगन्यात आली होती, मी खरी धरली. आता बघा खरं काय हाय ते. सीन लावला, आवाजासकट. तुझं खाकरनं सगळ्या वस्तीनं ऐकलं. माझ्या तोंडून ‘भाड्यानं आनली’ ऐकलं. लाथ बघितली. कुनी हसलं न्हाई. कागदाच्या नागालाबी कुनी हसलं न्हाई. मला वाटलं, घरी निघून जावं. पुढं बसलेला एक म्हातारा डोळे पुसाया लागला, तो मला फौजदार म्हनून हाक मारनारा.

मग मी म्हनलो, आता परत बघा. आनंदराजनं आवाज बंद केला. बुद्धप्रिया माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी परत भुयाराच्या तोंडाशी आलो, पिस्तूल वर केलं. पडद्यावरच्या पोरानं तोंड उघडलं तसं मी माईकमधी म्हनलो, ‘हात वर करा, हा वर्दीवाला इकला जात न्हाई!’

जुळलं, शेषेराव. अक्षर न् अक्षर ओठाला जुळलं. तुमी आवाज बदललात, गोष्ट बदललीत, पन माझे ओठ तुमाला हलवता आले न्हाईत. ते चाळीस वर्षं तेच बोलून राहिले होते. अशा टाळ्या मी जलमात ऐकल्या न्हाईत. बुद्धप्रियानं मला सलाम ठोकला, कडक. मला माय आठवली आन् मी रडलो, माईकसकट रडलो, सगळ्यायनं ऐकलं.

साडी पाठवू नको. पोरगी घ्यायची न्हाई आन् चतुरावहिनीचं मन उगीच दुखंल. त्यायला माझा जयभीम सांग. त्यायचं माझं काही वाकडं न्हाई.

एवढं एक सांगायचं राहिलं. माझं वाक्य झाल्यावर तू आलास पडद्यावर. बाजूला उभा राहिलास, माझ्याकडं बघितलंस आन् तुझेबी ओठ हलले. मला तुझं वाक्य पाठ होतं. सकाळची दुपार होईस्तोवर तू ते घोकलं होतंस, मला कसं इसरंल? सगळी वस्ती माझ्याकडं बघाया लागली, की आता ह्याचंबी मीच बोलतो. मी माईक खाली धरला.

आनंदराजची धम्मप्रिया पुढंच बसली होती. तिनं मोठ्यानं विचारलं, ‘आबा, तो हवालदार काय म्हनला?’

मी म्हनलो, काही न्हाई म्हनला.

लिंबाजी